"पाय सरळ शे ना वं, सुमन?"

ये वं मंगल, जोडे बठ, अशी जवळ. आणि आधी तो पायावरचा पाय खाली घे. मला इथून दिसत नाही असं समजू नकोस. सुरतेच्या त्या मऊ सोफ्यावर पाय आडवा टाकूनच तू हे वाचत असणार, तुझ्या आईने किती टोकलं तरी तुझी ती सवय गेली नाही. आईचं तेरावं झालं आणि गेलीस ती गेलीस. फोनवर नुसतं "काकू, येते, येते"... असं करतात का गं? म्हणून मग कागदच घेऊन बसले. पेपरात छापून आलं म्हणजे तरी नीट वाचशील. आणि ज्यांच्या घरात कुणाचा खुबा बदललेला असेल त्यांनीही वाचावं. जिजी कशी बसायची, कशी निजायची, ते त्यांच्या कामी येईल.

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ, मंगलची आई. ब्राह्मणपुरीच्या आमच्या घरात दुपारी आम्ही दोघीच असायचो, बाकी सगळे शेतात. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली होती, मंगल माहेरपण करून परतली होती. ओसरीवर मी मिरच्यांचे देठ खुडत होते आणि समोर जिजी तिच्या उंच खुर्चीत. ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. जिजीने विचारलं, "पाय सरळ शे ना वं, सुमन?" दिवसातून कितीदा तरी विचारायची. मी पाहिलं. दोन्ही पावलं भुईला टेकलेली, अंगठे समोर, मांड्यांमध्ये उशी. "शे," सरळ आहे म्हटलं आणि पुढची मिरची घेतली. पाटी संपल्यावर वर पाहिलं तर ती गेलेली होती. कधी, ते सांगता येत नाही. मानसुद्धा कलली नव्हती. मी पायाकडे पाहिलं होतं, चेहऱ्याकडे नाही... तिने विचारलं तेव्हा तरी ती होती का, असं कधी कधी मनात येतं, आणि मिरचीने भगभगणारे हात एकदम गार पडतात.

दोन पावसाळ्यांमागे ती गोठ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. नंदुरबारला ऑपरेशन झालं, नवा खुबा बसवला. डॉक्टरांनी चहाची वाटी मागवली, तिच्यात लिंबू ठेवलं आणि वाटी तिरपी करत गेले. लिंबू टपकन खाली पडलं. "आजी, तुमचं हाड असंच बसवलंय. वाकलात, मांडी घातलीत, पायावर पाय टाकलात, अंगठा आत वळवलात, तर हे लिंबू बाहेर." जिजी त्या लिंबाकडे बघतच राहिली. ते कॉटखाली घरंगळत गेलं होतं, ते मला शोधून आणायला लावलं आणि परत वाटीत ठेवायला लावलं, तेव्हा कुठे निजली. घरी आल्यावर सुताराने खुर्चीच्या पायांखाली ठोकळे बसवले, म्हणजे बसल्यावर गुडघा खुब्याच्या खालीच राहील. संडासातही उंच बैठक केली. खाली काही पडलं तर वाकायचं नाही, मी द्यायचं. उठताना नवा पाय आधी पुढे सरकवायचा. वळायचं तर त्या पायावर गिरकी घ्यायची नाही, लहान लहान पावलं टाकत वळायचं. निजताना दोन्ही पायांत उशी. सगळं पाळलं. चुकलं ते कानबाईच्या पायी.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते, सगळी भावकी जमते. चौरंगावर कानबाई आणि तिच्यासमोर पाटावर घरची थोरली सून. त्या वर्षी जिजीची खुर्ची चौरंगाजवळ नेली, तर तिचं तोंडच उतरलं. "कानबाई खाले आनि मी वर? लोके काय म्हनतीन?" मी म्हटलं, "लोके दवाखान्यात येतीन का?" पण मी नैवेद्याचे रोट बघायला आत वळले, तेवढ्यात ही काठीला धरून पाटावर उतरली. मला आतून आवाज ऐकू आला. टक्. खारीक फोडावी तसा. बाहेर आले तर ती किंचाळतसुद्धा नव्हती, नुसती पायाकडे बघत होती. पाय आखूड झालेला, अंगठा आत वळलेला, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय तिला आणून लावलाय. कुणी म्हणे ओढून बसवा, कुणी म्हणे तेल लावा. मी कुणाला हात लावू दिला नाही. तशीच गाडीत आडवी घालून नंदुरबारला नेली. तिथे भूल देऊन हाड परत वाटीत बसवलं. डॉक्टर म्हणाले, एकदा निघालं की पुन्हा निघायची भीती जास्त.

ती भीती तिच्या अंगात शिरली ती शिरलीच. बोलता बोलता मधेच मांडीवर हात ठेवून ऐकत राहायची. "आत काहीतरी हालस वं... निंघी जाई." पुढच्या श्रावणात मी धान्याच्या कोठीवर चौरंग चढवला, त्यावर कानबाई बसवली. आता देवी खुर्चीहून वर. जमलेल्या बायका हसल्या, "सुमन, यंदा कानबाईले माडीवर चढाई दिधं का वं?" जिजी खुर्चीतून म्हणाली, "तिले बी गुडघा शेतस." तेवढी एकदा ती मोकळी हसली. पण बायका पांगल्यावर माझा हात धरून म्हणाली, "मी मरनू तरी मना पाय आडवा होऊ देऊ नको." मी हो म्हटलं. असं बोलणं म्हातारी माणसं बोलतातच...

मंगल, तुला वाटलं असेल काकूचं डोकं फिरलं. जिजी गेल्यावर तिला भुईवर घेतलं, आणि पायाचे अंगठे एकत्र बांधायला दोरा आणला, तेव्हा मी उशी घेऊन आडवी आले. आधी मांड्यांत उशी, मग दोरा. वरच्या गल्लीतली म्हातारी म्हणाली, "मरेल मानूसना पाय काय सरकस वं?" मी म्हटलं, "मंग तुम्ही तिले इचारा." कुणी विचारलं नाही. दोरा पुरेना, तर मी लुगड्याचा काठ फाडून दिला. उशीसकट गेली ती.

आणि आता जे तुला ठाऊक नाही ते. राख सावडायला पुरुष गेले, त्यात माझा मुलगा भटू होता. तू गेल्यावर त्याने एक फडकं माझ्यासमोर उलगडलं. काळा पडलेला खुबा होता तो. दांडा, त्यावर गोळा, गोळ्यावर वाटी. काठीने राख उकरली, पाणी शिंपडलं, उचलून आणलं, तरी गोळा वाटीतून सुटला नव्हता. भटू म्हणतो, आतलं काहीतरी वितळून चिकटलं असेल. असेल. अस्थी प्रकाशा तीर्थावर तापी नदीत गेल्या, पण ही वस्तू अस्थी म्हणायची की लोखंड, हे कुणाला ठरवता येईना. म्हणून ती खुर्चीवर ठेवली आहे, घडी घातलेल्या लुगड्यावर. निघाला नाही गं मंगल, शेवटपर्यंत निघाला नाही...

मांजर त्या खुर्चीवर चढत नाही, खाली ठोकळ्याजवळ बसून वर बघत राहतं. दुपारी मी देठ खुडताना नकळत मांडी घालते, आणि खुर्चीची पट्टी करकरते. मग मी मांडी सोडते. रोज असंच. आणि थोड्या वेळाने ते विचारणं येतं. कानात नाही, अंगातच कुठेतरी येतं, पाय सरळ शे ना वं. मी हातातली मिरची खाली ठेवते, खुर्चीकडे नीट बघते, जिथे चेहरा असायचा तिथेही बघते, आणि म्हणते, "शे." तरी ती पुन्हा विचारते. माझं ऐकून तिचं समाधान होत नाही असं वाटतं. लेकीच्या तोंडून ऐकायचं असेल तिला. कानबाई जवळ आली आहे, चौरंग यंदाही कोठीवरच चढवीन. ती वस्तू तापीत सोडायची की घरात ठेवायची, ते तूच ठरव. पण आधी खुर्चीसमोर उभी राहून तिला एकदा सांग. मला एकटीला दुपार निघत नाही, मंगल. लवकर ये.