ड्रॅगनला कुणी काही विचारलं नाही

लिफ्टवाल्या काकांची वाचा बसली, ही बातमी तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत पोचायला वीस मिनिटंही लागली नाहीत. ऐकणाऱ्या प्रत्येकाने आधी ती खोटीच मानली. वाचा बसायला हा माणूस कधी गप्प बसला होता का?

काकांची एकतीस वर्षं लिफ्टची तपासणी करण्यात गेली. बॅग घेऊन इमारतीत शिरायचे, दोर बघायचे, ब्रेक बघायचे, दाराच्या फटीत पट्टी सरकवायचे आणि मग इमारतीच्या मालकाला समोर उभं करून त्याच्या तोंडचं पाणी पळवायचे. वीज गेली तर? दार अर्धवट अडकलं तर? आतला माणूस ओरडला तर बाहेर ऐकू येतं का? उत्तर नाही, तर सही नाही. निवृत्त झाल्यावर लिफ्ट सुटली, प्रश्न सुटले नाहीत. मिक्सर घ्यायला गेले, तर तासाभराने दुकानदारच म्हणाला की काका, समोरच्या दुकानात याहून चांगला मिळेल. मामी तर सांगतच असतात की लग्न ठरवताना ह्यांनी मला एकच प्रश्न विचारला, म्हणून मी भुलले. उरलेले सगळे नंतरसाठी राखून ठेवले होते हे कुठे माहीत होतं.

ह्या मामी म्हणजे काकांच्या बायको. सगळा जिना त्यांना मामी म्हणतो, कारण त्यांची भाची दिवसातून चार वेळा खालूनच तशी हाक मारते. आणि बातमीचं मूळ ही भाचीच.

ती व्हिडिओ गेम बनवते. समोरच्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, चार माणसं, सहा कॉम्प्युटर आणि खिडकीत वाळलेली एक कुंडी, एवढी तिची कंपनी. तिचा गेम नुसता धावाधावीचा नाही. खेळणाऱ्याने त्यात एका माणसाचा जन्म घ्यायचा, जगभर हिंडायचं, लोकांशी बोलायचं, भांडायचं, शिकायचं, मोठं व्हायचं. असे गेम जगात ढिगाने आहेत, पण बहुतेकांत तलवारी, जादूगार आणि ड्रॅगन. अंतराळयानातले शोधावे लागतात. भाचीला वाटलं, वा, रस्ता मोकळा आहे. रस्ता मोकळा का आहे, हे विचारायचं तिला सुचलं नाही. प्रश्न विचारायचं खातं मामांकडे होतं ना.

यानाचं वेड मात्र तिला मामांनीच लावलं होतं. सात वर्षांची असताना ते तिला एकदा कामावर घेऊन गेले होते. गच्चीवरच्या खोलीत मोठं चाक फिरत होतं, दोर सरकत होते, ग्रीसचा वास येत होता. खाली माणसं आपापल्या मजल्यावर उतरत होती, आणि डोक्यावर हे एवढं धूड फिरतंय याचा कुणाला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून पोरीला एक भलंमोठं यंत्र बनवायचं होतं, ज्याच्या आत लोक राहतील. पाच वर्षं ती तेच बनवत होती. ते यान लोकांपर्यंत पोचावं, यापलीकडे तिला काही सुचत नव्हतं.

काका निवृत्त झाले तेव्हा ती त्यांना म्हणाली, मामा, रोज दुपारी येऊन बसा आणि खेळा, अडलं तिथे सांगा. हे वाक्य तिने एखाद्या पोस्टमनला सांगितलं असतं तर आज सगळं वेगळं असतं.

पहिल्या दिवशी काका यानाच्या पहिल्या दाराशीच चाळीस मिनिटं थांबले. हे दार कशावर चालतं? वीज गेली तर उघडं राहतं की बंद? बाहेर हवा नाही म्हणता, मग दार उघडल्यावर आतली हवा जाते कुठे? भाची हसली नाही. तिने वही काढून सगळं लिहून घेतलं, कारण तिला वाटलं, मामांचं समाधान झालं म्हणजे सगळ्या जगाचं झालं. दार दुहेरी केलं. मग काकांनी विचारलं, मधल्या जागेतली हवा कोण भरतं? त्यासाठी पंप आला. पंपाला कुणीतरी तेल घालायला हवं, म्हणून एक तेलवाला आला. तेलवाल्याला झोपायला खोली हवी, म्हणून खोली आली. खोलीत पाय जमिनीला कसे टेकतात, याचं उत्तर शोधण्यात उन्हाळा गेला.

बंदुकीची गोळी यानाची भिंत फोडेल, म्हणून गोळ्या गेल्या. नायिका एक निरोप घेऊन तीन ग्रह ओलांडत जाते, ही मूळ गोष्ट. काका म्हणाले, फोन का करत नाही? फोन बिघडलेला दाखवला, तर म्हणाले, पोरगी मेकॅनिक आहे ना, मग दुरुस्त करू दे की. त्यावर चारही माणसं दोन दिवस एकमेकांशी बोलली नाहीत, आणि गोष्टच बदलली. चित्रं काढणारा दाढीवाला बिचारा चमच्यापासून बटणापर्यंत प्रत्येक वस्तू नव्याने काढत होता, कारण तिथला चमचा कसा असतो हे आजवर कुणी पाहिलेलंच नव्हतं. असं करत दोन वर्षं गेली. काका खूश होते. इतकं काम निघालेली लिफ्ट त्यांना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती.

आणि मग गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचा निरोप आला. चार आठवड्यांनी शुक्रवारी दोघं जण येतील, जे काही असेल ते दाखवा. पटलं तर ठीक, नाही तर हे शेवटचं.

त्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी काका आले तेव्हा भाचीने त्यांना नेहमीची खुर्ची दिली नाही. खिडकीशेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर बसवलं, आणि आज हे खेळून बघा, एवढंच सांगितलं. पडद्यावर जंगल होतं. काकांनी एक तलवार उचलली. पुढे झाडाखाली एक सांगाडा पडला होता, त्याच्या कुशीत हिरव्या औषधाची बाटली. घरी तारीख उलटून दोन दिवस झालेली खोकल्याची गोळी खिडकीबाहेर फेकणाऱ्या ह्या माणसाने ती बाटली उचलली आणि घटाघट प्यायली. एक म्हातारी भेटली, काहीतरी पुटपुटली आणि धुरात नाहीशी झाली. काका पुढे चालू लागले. पुढे गुहा भरून टाकणारा ड्रॅगन होता. त्याने तोंड उघडून ज्वाळा फेकल्या, काका मेले. परत गेले, परत मेले. तिसऱ्यांदा त्याच्या शेपटीवर वार करून बाहेर आले तेव्हा दीड तास झाला होता आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"उद्या लवकर येतो," ते म्हणाले. "डाव्या हाताच्या भुयारात काहीतरी आहे, मला वास आलाय."

भाची वही घेऊन उभी होती. पान कोरं होतं. तिने विचारलं, "मामा, काही शंका?"

"कसली शंका?"

"एवढं अवजड जनावर तेवढ्याशा पंखांवर उडतं कसं?"

"अगं, ड्रॅगन आहे तो."

"आणि पोटात आग घेऊन जळत नाही?"

"ड्रॅगनला काय जळायचंय?" काका जरा चिडूनच म्हणाले. "काहीतरीच विचारतेस तू."

दाढीवाल्याने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. भाचीने सांगितलं की हे सगळं तुम्ही घरी गेल्यावर, रात्री बसून चौघांनी मिळून तीन आठवड्यांत केलंय. काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या कोऱ्या पानाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मधल्या मजल्यावर दिवे गेलेल्या लिफ्टमधल्या माणसाचा उतरतो तसा. आपण नेमकं काय केलं, ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

घरी आले ते गप्प. जेवताना मामींनी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, बघू काय म्हणतात. काही म्हणाले नाहीत. तेव्हा मात्र मामींचं धाबं दणाणलं. त्यांनी शेजारचं दार वाजवलं, आणि पुढे बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच काका चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढले आणि भाचीला म्हणाले की तुझं यान मी बुडवलं. दोन वर्षं मी तुला खिळे मोजायला लावले आणि राक्षसाला फुकटात आत सोडलं.

"तुम्ही नाही बुडवलं," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या सगळ्यांनी. ड्रॅगन लोकांच्या डोक्यात आधीच राहतो, मामा. तलवार दिली की कुठून धरायची ते सांगावं लागत नाही. यान मला एकेकाच्या डोक्यात नव्याने बांधावं लागतं, आणि बांधकाम चालू असतानाच लोक आत शिरून विचारतात, हा खांब कशाला."

मग ती सांगत बसली. जादूत काही अडलं की नवी जादू आणता येते. यंत्रात अडलं की नवं यंत्र आणावं लागतं, आणि नव्या यंत्राला प्रश्न विचारायला पुन्हा तुम्ही असता. बंदूक असली की शत्रू लांबूनच संपतो. तलवारीला जवळ जावं लागतं, म्हणून भांडणाला रंग चढतो. काका ऐकत होते. इतक्या वेळात एकदाही त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, यानेच ती जास्त घाबरली.

शुक्रवारी दोघं आली, एक उंच बाई आणि एक सतत हसणारा माणूस. आधी ड्रॅगन झाला. उंच बाई काही न विचारता अर्धा तास खेळली, दोनदा मेली, एकदा मोठ्याने हसली. मग यान. पहिल्याच दाराशी तिने मान तिरकी केली.

"हे यान चालतं तरी कशावर?"

भाचीने तोंड उघडायच्या आत काका खुर्चीवरून उठले होते.

"ते मीही विचारलं होतं," ते म्हणाले. "अजून नीट उत्तर मिळालेलं नाही. बाई, मी लिफ्ट तपासायचो. उत्तर मिळालं नाही, तर त्या लिफ्टमध्ये मी पाय ठेवला नाही, अगदी वरच्या साहेबांनी सांगितलं तरी. ह्यात मी रोज चढलो. दोन वर्षं, पाऊस असो, ताप असो. सही न करता."

त्यांचा आवाज चढला होता. भाचीने आपल्या मामाला परक्या माणसांसमोर असं कधी पाहिलं नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. हसरा माणूस हसायचा थांबला.

उंच बाईने माऊसवरचा हात काढला. "तुम्ही चढलात हो," ती अगदी हळू म्हणाली. "पण तुम्हाला दोन वर्षं लागली. आमच्याकडे माणूस दहा मिनिटं थांबतो."

काका परत खुर्चीत बसले. ड्रॅगन घेतला गेला, यान नाही. यानाचा कॉम्प्युटर भाचीने स्वतःच्या हाताने बंद केला आणि दाढीवाल्याला सांगितलं की भिंतींचे पत्रे काढून गुहेच्या खडकाला लाव, चांगले आहेत, वाया नकोत. ती रडली नाही, याचा काकांना सगळ्यात जास्त धसका बसला.

सोमवारी तिने त्यांना बोलावलं. काका जायला तयार नव्हते. ड्रॅगनला मी विचारणार काय, असं मामींपाशी दोनदा म्हणून झालं. तरी गेले. भाचीने त्यांच्यापुढे कोरे कागद ठेवले. महिनाअखेर चाळीस मंत्र हवे होते, आणि बाकीच्यांना वेळ नव्हता.

"हा पहिला, उडायचा," ती म्हणाली. "मंत्र म्हटला की काय होतं, ते तुम्ही लिहा."

"काय होतं?"

"तुम्ही म्हणाल ते. काहीही."

"मर्यादा किती?"

"मर्यादा नाही, मामा."

एकतीस वर्षांत आणि त्याआधीही असं काकांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. समोर दाढीवाला खडक रंगवत होता, भाची फोनवर कुणाला तरी तारखा सांगत होती. तासाभराने काका तिच्या टेबलापाशी गेले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, निदान एका मंत्रावर एका वेळी माणसं किती उडतात, एवढं तरी सांग.

"हवी तेवढी."

ते जागेवर परतले. कागदावर त्यांनी 'सहा' लिहिलं. सहा जणांच्या लिफ्टमध्ये सातवा माणूस त्यांनी आयुष्यात कधी चढू दिला नव्हता, मग तो नवरदेव का असेना. ते त्या आकड्याकडे बघत राहिले. मग इकडेतिकडे पाहिलं, सहा खोडलं, आणि 'सात' लिहून कागद पटकन पालथा घातला.