पाखडलेले कीबोर्ड

खंडेनवमीला आमच्या शाळेत संगणकांची पूजा होते. कोयता, नांगर, टेम्पो यांची होते तशीच. मला त्यात काही वावगं वाटत नाही. त्या वर्षी घोळ झाला तो एवढाच, की पूजेच्याच दिवशी मोहोपाड्याकडच्या एका कारखान्याचे साहेब येणार होते. त्यांच्या ऑफिसातले वापरलेले पण धडधाकट संगणक त्यांना एका शाळेला द्यायचे होते. आमच्याकडे एकेका यंत्रापुढे चार-चार मुली कोंबून बसायच्या, त्यामुळे ते मला हवेच होते. पण यादीत दुसरीही शाळा होती.

मी लोधिवलीच्या घरून शाळेत पोचले तर नववीच्या मुलींनी पूजा उरकलेली. प्रत्येक कीबोर्डवर हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि मूठभर अक्षता. मूठभर! भातशेतीवाल्यांच्या पोरी त्या, तांदळाला हात आखडता कशाला घेतील?

एक बटण दाबलं. कर्रकन वाजलं आणि खालीच बसलं.

"अगं, चिमूटभर घालायच्या ना!"

"बाई, मोठं काम हाय म्हणून जास्त घातल्या," पूजेची पुढारी म्हणाली. ही लेण्यांजवळच्या कोंडाणे गावची, वर्गात सगळ्यात बडबडी.

"साहेब अकराला येणार. आता काढायच्या कशा?"

"त्यात काय? पाखडायच्या."

मी 'नको' म्हणेपर्यंत वायरी निघाल्या होत्या. मुली ओळीने उभ्या राहिल्या, कीबोर्ड सुपासारखे धरले आणि सुरू. वर उडवायचं, झेलायचं, कडेला आपटायचं. तांदूळ खरंच उडायला लागले. मग मीही एक घेतला. मला पाखडता येत नाही, हे सगळ्यांना लगेच कळलं.

"बाई, मनगटातनं! कंबर नका हलवू!"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मुख्याध्यापक दार उघडून म्हणाले, "हे बघा साहेब, आमची संगणक खोली."

साहेब वेळेआधी आले होते. अक्षता नेमक्या त्यांच्या डोक्यावर पडल्या आणि मागून कुणीतरी खणखणीत ओरडलं, "शुभमंगल सावधान!"

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. संगणक गेलेच, असं मी मनात म्हटलं. साहेबांनी केसांतला एक दाणा काढून निरखला.

"लग्न नंतर लावा," ते म्हणाले. "आधी काम दाखवा."

कोंडाण्याच्या पोरीने आपल्या गावावर स्लाइडी केल्या होत्या. लेणी बघायला येणाऱ्यांनी कुठून चढायचं, पाणी किती घ्यायचं, भाकरी कुठे मिळेल. शेवटची स्लाइड झाली की पुन्हा पहिली, अशी सोय तिने स्वतः शोधलेली. तिने कीबोर्ड पुन्हा जोडून बाणाचं बटण दाबलं आणि ते अडकलं. आत एक दाणा उरला होता.

लेणी, ओढा, आत्या, भाकरी, बकरी, लेणी, ओढा, आत्या. पडद्यावर चित्रं सुसाट पळायला लागली. मी वायर उपटायला धावले, पण पोरगी मागे हटेना. ती क्रिकेटच्या समालोचकासारखी सुरू झाली.

"ही लेणी, हा ओढा, चप्पल घालू नका घसराल, ही माझी आत्या, भाकरी आदल्या दिवशी सांगा, बकरी आमचीच, पुन्हा लेणी, मघाशी नाय दिसली तर आता बघा, हा ओढा..."

साहेब खुर्चीत बसून मांडीवर थापा मारत होते. पोरीला धाप लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे सगळं तू केलंस?"

"मीच. आणि ह्या यंत्रावर तिघी आणखी बसतात, म्हणून लई दिवस लागले."

मी वर्षभर अर्जांत जे लिहीत होते, ते तिने एका दमात सांगितलं.

दिवाळीनंतर कारखान्याचा टेम्पो शाळेच्या आवारात शिरला. मुली ओवाळायला ताट घेऊन तयार. मी आधी ताट तपासलं: हळद, कुंकू, निरांजन. मग पुढारीला म्हटलं, "मूठ उघड."

"थोडेच हायत, बाई."

"खिशात टाक."

तिने टाकले. मग आम्ही खोकी उतरवायला लागलो.