काचेवरची बाई

नवरा गेला तेव्हा त्याचं पुस्तक एका प्रकरणावर अडलेलं होतं. बेसिंगस्टोकच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर त्याने लंडनच्या एका जुन्या फोटो स्टुडिओचा इतिहास लिहायला घेतला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या स्टुडिओच्या पुढच्या खोलीत लग्नांचे, बाळांचे फोटो निघत आणि मागच्या खोलीत उघड्या बायकांचे. ते साध्या पाकिटातून पोस्टाने गिऱ्हाइकांच्या घरी जात. स्टुडिओ बंद पडल्यावर काचेच्या निगेटिव्हज कुणाकुणाच्या माळ्यावर पडून राहिल्या आणि शेवटी एका लिलावात याने त्यांची खोकी विकत घेतली. नातेवाइकांना आम्ही ‘जुन्या काचा’ एवढंच सांगायचो. बुद्धविहारातल्या मंडळींना तेवढंही नाही.

सुरुवातीला मी त्या बायकांकडे बघायलाच तयार नव्हते. मग त्याने मला बघायला शिकवलं. काचेची प्लेट खिडकीशी धरायची, वर भिंग. मागची खोली गार असायची. बायकांच्या अंगावर काटा यायचा, आणि तो गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून रीटचिंग करणारा माणूस निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देऊन बुजवायचा. भिंगाखाली पेन्सिल स्पष्ट दिसते.

“थंडी खोडायची नोकरी,” तो म्हणायचा.

एका प्लेटवर मात्र पेन्सिल नव्हती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. इंग्लिश बायका काळ्याभोर, आणि ही एकटी उजळ, अंगातून खिडकीचा उजेड आरपार येणारी. आपल्याकडची होती.

“ब्रिटिश राज्यात गोरं व्हायला एवढं करावं लागायचं,” मी म्हटलं.

तो हसला नाही. “हिला थंडी वाजतेय,” म्हणाला. तिच्यासाठी पेन्सिल झिजवायची तसदी कुणी घेतली नव्हती.

ती कोण, हे त्याला कधीच कळलं नाही. कुणा साहेबाची मुलं सांभाळत बोटीने आलेली आणि इथे पोचल्यावर सोडून दिलेली आया असावी, असा त्याचा अंदाज. पुरावा नव्हता. स्टुडिओने तिला राणी म्हणून विकलं होतं. गळ्यात खोटे मोती, मागे पडद्यावर रंगवलेला महाल. तिच्याशिवाय इतिहास खोटा होता, आणि तिला छापणं म्हणजे पुन्हा विकणं. बाकी सगळ्या प्लेट्स त्याने स्कॅन केल्या, ही केली नाही. प्रकाशक बाईंना मात्र, नुसतं ऐकूनच, तीच कव्हरवर हवी होती. हॉस्पिटलमध्ये तो मला म्हणाला, “तिचं तू ठरव.”

म्हणून मी ती प्लेट खोक्यातून काढून त्याच्या टेबलावर ठेवली. पण माझं काही ठरेना.

त्याचं पुण्यानुमोदन बँक हॉलिडेच्या, सुट्टीच्या सोमवारी होतं. आदल्या दिवशी त्याची मोठी बहीण ईलिंगहून आली. वॉटफर्डहून मुलगी त्याचा फोटो फ्रेम करून घेऊन आली, पण गाडीतून काढताना फ्रेम पडली आणि काच तडकली. रविवारची संध्याकाळ, दुकानं बंद झालेली. मी वर त्याचे कपडे आवरत होते. खाली आले तर फ्रेम नव्या काचेसकट उभी.

“आत्याने फिक्स केला,” मुलगी म्हणाली.

“अगं, याच्या टेबलावर एक काच पडलेली, बरोब्बर मापाची,” ताई हात पुसत म्हणाल्या. “पण काय घाण साचली होती तिच्यावर! कढत पाणी आणि भांड्यांचं लिक्विड घालून भिजवली, घासणीने खरवडली, तेव्हा कुठे सुटली. लहानपणापासून नुसता पसारा करायचा हा. बघ आता, कशी लख्ख!”

मुलीने ती प्लेट कधी पाहिली नव्हती, बाबांकडून नुसतं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. “ओ गॉड, आई. दॅट वन?”

मी सिंककडे गेले. जाळीत काळपट सालीसारखं काहीतरी अडकलं होतं, बोट लावल्यावर विरघळलं. ते मोती असतील, नाहीतर महाल. ती स्वतः काचेवर जवळजवळ पारदर्शकच होती. तिच्या जागेवरून धुऊन जायला फारसं काही नव्हतंच.

“छान निघाली हो, ताई,” मी म्हणाले. भाऊ गेलेल्या बाईला दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी वंदना झाली. एकेक जण फुलं वाहून त्या फ्रेमपुढे वाकला. विहारातले एक काका माझ्या नवऱ्याच्या संशोधनाबद्दल आदराने बोलले.

“कशावर होतं हो संशोधन?” मागून कुणीतरी कुजबुजलं.

“जुन्या काचांवर,” ताई अभिमानाने म्हणाल्या.

प्लेट आता नाही, असं मी प्रकाशक बाईंना कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं, मग निदान शब्दांत तरी तिला उभी करा, वाचकाला ती दिसली पाहिजे. तिला पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे. मी लिहायला बसले. गळा, मोती, मांडीवर ठेवलेला हात. मग थांबले. प्रत्येक ओळीबरोबर मी तिला पुन्हा उघडी करत होते. ते पान फाडलं.

प्रकरणात आता तिच्याबद्दल एवढंच आहे, की खोली गार होती आणि तिच्या दंडावरचा काटा कुणी बुजवला नाही. प्रकाशक बाईंना हे पुरेसं वाटत नाही. कव्हर अजून ठरलेलं नाही.

ती फ्रेम मी कोरड्या फडक्याने पुसते. पाणी लावत नाही.