धाकटीपेक्षा एक इंच वर

धाकट्या जावेची गाडी उंच झाल्याचं थोरलीला कुणी सांगावं लागलं नाही. सकाळी ती अंगणात आली आणि सवयीनं धाकटीच्या ट्रकच्या फळीवर हात टेकायला गेली, तर काल कमरेशी असलेली फळी आज बरगड्यांना लागली. गाडीच्या पोटाखाली एवढी मोकळी जागा झाली होती की घरचं मांजर ताठ मानेनं आरपार गेलं. शेजारी थोरलीची गाडी उभी होती. सासऱ्यांनी दोन्ही गाड्या जोडीनंच घेतलेल्या, रंग एक, वय एक. पण आता थोरलीची उकिडवी बसल्यासारखी दिसत होती.

मत्सर वगैरे मोठे शब्द कशाला? थोरली जळत होती, एवढं म्हटलं की पुरे.

घरचा धंदा मधमाश्यांचा. जिथं झाडं फुलावर येतील तिथं पेट्या नेऊन ठेवायच्या, बागेला फळ धरतं आणि पेटीत मध भरतो. दोघे भाऊ उघड्या हातानं पेटीचं झाकण काढत, पण स्टीअरिंग हातात आलं की दोघांना घाम फुटे. म्हणून गाड्या बायकांकडे आल्या. थोरली शिकली सासऱ्यांकडून, धाकटी शिकली थोरलीकडून, आणि पहिल्या वर्षी गियर बदलताना तिनं काढलेल्या आवाजांची नक्कल थोरली अजूनही पाहुण्यांना करून दाखवी. वाटणीत पेट्या अर्ध्या झाल्या, गाडी एकेकीला, अंगण सामाईक. डोंगरावरची मोठी बाग थोरलीकडे राहिली, कारण तिथला बागवाला तिलाच ओळखत होता.

गेल्या वर्षी त्या बागेचा रस्ता वाहून गेला. दोन चाकोऱ्या खोल गेल्या, मधली माती उंचवट्यासारखी वर राहिली आणि थोरलीच्या गाडीचं पोट त्यावर टेकलं. अर्ध्या वाटेवरून उलटं यावं लागलं. यंदा बागवाल्यानं अंगणात निरोप धाडला की सोमवारी फुलं उमलायच्या आत पेट्या वर हव्यात, जिची गाडी चढेल तिनं यावं. थोरलीनं निरोप ऐकला आणि चिडली. धाकटीनं निरोप ऐकला आणि गाडी मिस्त्रीकडे नेली.

"मला सांगितलं नाहीस ते?" थोरलीनं विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठं, जाऊबाई?" धाकटी म्हणाली, आणि पायरीवर एक पाय देऊन अशी अलगद आत बसली की थोरलीचं तोंड कडू झालं.

थोरलीनं त्याच दिवशी मिस्त्रीचं गॅरेज गाठलं.

"माझीपण उचला."

"उचलू की. किती?"

"तिची किती उचललीत?"

"चार इंच. जास्त बाकाचे स्प्रिंगचे पाटे घातलेत."

"मग माझी पाच."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. "वहिनी, परकर शिवायला आलात का? जावेपेक्षा बोटभर जास्त म्हणून सांगताय?"

"होतंय की नाही ते सांगा."

"होतंय. पाट्यांना गाडीशी जोडणारे शॅकल लांब टाकले की चाराचे पाच होतात. पण स्टीअरिंगचं काय करणार?" त्यानं आपला हात खांद्यातून आडवा धरला. "हा खांदा म्हणजे वरचा स्टीअरिंगचा डबा. हा हात म्हणजे चाक वळवणारा दांडा. गाडी उचलली की खांदा वर जातो, चाक मात्र जमिनीवरच. दांडा झाला तिरका. मग खड्ड्यात चाक वरखाली झालं की दांडा त्याला ढकलतो. तुम्ही न वळवता गाडी वळते."

"त्याला उपाय?"

"चाकापाशी दांडा अडकतो तिथं उंच आर्म बसवायचा, दांडा परत आडवा होतो. पण तुमच्या गाडीचा असा आर्म आता नवा मिळत नाही. धाकट्या वहिनी भंगारात हिंडून दोन घेऊन आल्या. एक बसवला, एक जपून ठेवलाय. घरातच आहे, मागा की."

दोन! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एक लागतो तिथं दोन आणून ठेवायची अक्कल हिला कुणी दिली? गाडीला जादा पट्टा, जादा फ्यूज, सगळं दुहेरी ठेवायचं, हे थोरलीनंच तर तिला शिकवलं होतं.

"आर्म नको," ती म्हणाली. "हातानं सांभाळीन. आजकालची ड्रायव्हर नाही मी."

"माझं ऐका—"

"पाच इंच."

शनिवारी गाडी आली. अंगणात दोन्ही शेजारी लागल्या आणि थोरलीची खरोखर बोटभर वर दिसली. धाकटीनं मान वर करून पाहिलं, हे थोरलीला फार आवडलं. पुढचं तेवढं आवडलं नाही. गुडघा कुरकुरत होता, पायरी दूर गेली होती, आणि आत चढायला नवऱ्यानं स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. धाकटी तेही पाहत होती.

"पेट्या चढवायच्या त्या मीच ना?" नवरा म्हणाला. "आणखी वर?"

"गप्प बसा आणि आत या."

डांबरी रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली. मग थोरलीनं डोंगराचा पहिला कच्चा टप्पा धरला. उजवं चाक खड्ड्यात गेलं, आणि स्टीअरिंग तिच्या हातातून असं फिरलं की कुणी पलीकडून हिसका दिला म्हणावं. गाडी कड्याकडे गेली. तिनं ओढून आणली. पुढच्या खड्ड्यात परत तेच. नवऱ्यानं दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती.

"तूच वळवतेयस ना?"

"मग कोण?"

तिनं जागा सापडताच गाडी फिरवली. घरी येऊन ती पेट्यांपाशी जाऊन उभी राहिली. रिकाम्या गाडीत ही गत. सोमवारी मागे जिवंत पेट्या असणार. एका हिसक्यात आतली पोळी मोडतील, मध सांडेल, माश्या बुडून मरतील. आणि ते सोडा, कडा तर कडाच. बाग सोडायची, की धाकटीच्या दारात जायचं? रविवारी सकाळपर्यंत तिनं तिसरा मार्ग शोधून पाहिला. नव्हता.

धाकटी गाडीच्या मागे बसून पेट्यांवर टाकायची जाळी शिवत होती.

"तुझ्याकडे म्हणे एक आर्म पडून आहे," थोरली म्हणाली.

"पडून नाही. ठेवलाय."

"ठेवलाय. तर तो."

"तो काय, जाऊबाई?"

"मला हवाय. बसवायला."

"अडीअडचणीला म्हणून माझा ठेवलाय मी." धाकटीनं दोरा दातानं तोडला. "दिला तर मला काय?"

"घरातल्या घरात सौदा करतेस?"

"वाटणी झाली ना आपली? वरच्या बागेत खालची अर्धी बाजू माझ्या पेट्यांना. तुम्हीच बागवाल्याला सांगायचं, तुमच्या तोंडानं."

थोरलीला वाटलं, तो आर्म तिथंच जाळीत गुंडाळून विहिरीत टाकावा. खालची बाजू म्हणजे उन्हाची, तिथं फुलं आधी येतात. हेही तिनंच हिला कधीतरी सांगितलं असणार.

"बरं," ती म्हणाली.

"आणि गियरची नक्कल बंद."

"ते बघू."

मिस्त्री सुट्टीच्या दिवशी कुरकुरत आला. आर्म हातात घेऊन म्हणाला, "हा चाराला बरोबर बसतो. पाचाला दांडा थोडा तिरका राहणार, गाडी थोडी ओढणार. ठेवायचेत का लांब शॅकल? तुम्ही सांगाल तसं."

धाकटी उंबऱ्यावर उभी होती. तिनं ऐकलं आणि नेमकी तेव्हाच आभाळाकडे पाहू लागली. हसली असती तरी परवडलं असतं.

"काढा," थोरली म्हणाली.

"एक इंच खाली येईल."

"मला मोजता येतं."

सोमवारी उजाडायच्या आधी पेट्यांची दारं बंद करून दोन्ही गाड्या भरल्या. थोरलीनं आपली आधी बाहेर काढली. पुढं कोण हा प्रश्न तिनं निघूच दिला नाही. पहिल्या खड्ड्याला तिनं श्वास रोखला. चाक उतरलं, चढलं, स्टीअरिंग जागचं हललं नाही. मधला उंचवटा पोटाखालून निमूट गेला. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आरशात धाकटी दिसत होती, प्रत्येक वळण बाहेरून घेणारी, थोरलीनं शिकवल्यासारखी, आणि ब्रेकला थोरलीपेक्षा कमी पाय लावणारी. थोरलीनं आरसा जरा वळवला.

वर बागवाला फाटकाशी उभा होता. पेट्या उतरल्या. एकही पोळं मोडलं नव्हतं, दोघींचंही नाही. थोरलीनं खालच्या बाजूचं एका दमात सांगून टाकलं, औषध प्यावं तसं. बागवाल्यानं मान डोलावली आणि गाड्यांभोवती एक फेरी मारली.

"छान काम झालंय. दोन्ही एकसारख्या," तो म्हणाला. "लांबून येताना मी ओळखायचं कसं, कोण कुठली ते?"

धाकटी तोंड उघडत होती.

"सोपं आहे," थोरली म्हणाली. "पुढं असेल ती माझी."