सारवणावरची पावलं

कापसाच्या गाडीवरून पडून माझा डावा पाय मोडला, तेव्हा मी वर्ध्याच्या बाजारात दलाली करत होतो. शून्यातून उभा केलेला धंदा. मी खाटेवर पडलेला असताना माझा भागीदार देवळीकडच्या शेतकऱ्यांना सांगत सुटला, "लंगडा दलाल काय भाव मिळवून देणार तुमाले?" ते मी विसरलो नाही, विसरणारही नाही. नव्या हंगामाचा बाजार उघडेल त्या दिवशी काठीशिवाय त्याच्यासमोरून चालत जायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "रोज ओल्या सारवणावर चाला आणि मागे वळून ठसे पाहा. दोन्ही पावलं सारखी उठली की काठी सोडा."

"डावं जरा कमी उठलं तर?" मी घासाघीस केली.

ते हसले, पण एक पैसा खाली उतरले नाहीत.

बायको रोज सकाळी अंगणात लांबलचक पट्टा सारवू लागली. मी चालायचो, काठी तिच्या हातात. सुरुवातीला डाव्या टाचेचा पत्ताच नसायचा आणि अंगठा मागे रेघ ओढत यायचा. हळूहळू रेघ आखूड झाली. शेवटी दोन्ही ठसे छापल्यासारखे उठले.

"झालं! टाक ते काठी माळ्यावर."

"तुमी पायाकडं पाहू पाहू चालता," ती म्हणाली. "बाजारात तं भांडत भांडत चालता."

"मंग भांडून दाखवू?"

"दाखवा ना."

मी ओरडून पाहिलं. पण ती समोर हसत उभी, राग येणार कुठून? काठी तिच्याकडेच राहिली.

बाजार उघडायच्या दिवशी मी पट्ट्याच्या टोकाशी उभा होतो. ती सहज म्हणाली, "तुमच्या भागीदाराले निरोप धाडला मी. त्याची दमणी येऊन राह्यली तुमाले न्यायले."

"काऊन? मले इचारलं काऊन नाई? त्याच्या दमणीत बसू मी?" मी जो सुटलो तो थेट फाटकाशी जाऊन थांबलो.

"आता पाहा मागं."

पाहिलं. डावं-उजवं सारखं. रेघ कुठेच नाही.

"म्हणजे खोटं बोलली तू?"

"नाई जी," ती म्हणाली, आणि रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

दमणी दारात थांबली. भागीदाराने सरकून जागा केली. मी बसलो नाही. बाजारापर्यंत पायी गेलो, त्याच्या बैलांच्या पुढे, मधोमध रस्त्यातून.