पेवातली सात चाकं

सकाळी आठच्या सुमारास आम्ही दोघांनी चीज उलटं केलं. मी ते रांजणातून वर काढलं. गयानं मिठाच्या पाण्यात पिळलेला फडका फिरवला, वरच्या बाजूला हळदीचं तेल बोटांनी चोळलं. मग मी ते खाली ठेवलं. ती म्हणाली, "आज लय गारठा हाय." तिनं चहा टाकला. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्याच दिवशी दुपारी ती गेली.

माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या माणसाच्या घरी रांजणात चीज कसं काय, असं लोक विचारतात. नातसून म्हणाली, लिहून ठेवा. म्हणून लिहितो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी परभणीजवळ एका सरकारी डेअरीत रोजंदारीवर होतो. कॅन धुणे, फरशी धुणे, सांगतील ते. डेअरीचं नाव लिहीत नाही, त्यातली काही माणसं अजून आहेत. तिथं जोगळेकर साहेब बदलून आले. हॉलंडला शिकून आलेले. त्यांच्या डोक्यात एकच होतं, परभणीच्या दुधाचं चीज करायचं.

आता पोरं पाकिटातल्या चौकोनी वडीला चीज म्हणतात. ते वेगळं. साहेबांचं चीज असं: दूध कोमट करायचं, त्यात विरजण आणि बाटलीतून येणारी एक परदेशी पूड टाकायची. अर्ध्या-पाऊण तासात दूध खरवसासारखं थिजतं. ते लांब सुरीनं कापायचं, निवळी काढून टाकायची. उरलेलं फडक्यात बांधून दाबाखाली ठेवायचं, मग मिठाच्या पाण्यात बुडवायचं. शेवटी कोल्ड रूममध्ये फळीवर तीन-चार महिने. ह्याला पिकणं म्हणतात. आंबा पिकतो तसंच, फक्त लय हळू. आणि रोज उलटं करायचं. एक दिवस खाडा झाला तरी खालची बाजू ओली राहते आणि तिथून सडायला लागतं.

साहेबांनी हॉलंडहून आणलेला एक तुकडा आम्हाला आधी खायला दिला, कशासाठी राबायचं ते कळावं म्हणून. बाकीचे बाहेर जाऊन थुंकले. मी साहेबांच्या समोर उभा होतो म्हणून गिळला. साबण खाल्ल्यासारखं वाटलं. उरलेला कागदात बांधून घरी नेला, म्हणलं बायकोची गंमत करू.

गयानं वास घेतला, तोंडात टाकला आणि चघळत बसली. मी वाट बघत होतो कधी थुंकते. तिनं भाकरीचा तुकडा मोडून वर खाल्ला. म्हणाली, "थांबा. आदी खारट लागतंय. मग भाजल्या शेंगा. मग लोणी कढवल्यावर तळाला बेरी ऱ्हाती ना, तसं." परत थोडं चघळलं. "चीक म्हातारा झाला की असा लागत असंल."

हे मी साहेबांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "जे लोकांना जन्मभर खाऊन कळत नाही, ते तुझ्या बायकोला एका घासात कळलं." त्या दिवसापासून चीजचं काम माझ्याकडे आलं.

हिवाळ्यात चीजची सात गोल चाकं केली. एकेक जात्याच्या दगडाएवढं. चैत्रात साहेबांना दीड महिन्याच्या ट्रेनिंगला दिल्लीला जायचं होतं. परत येताना ते मुंबईच्या मोठ्या साहेबांना घेऊन येणार होते. मोठ्या साहेबांनी चव बघून हो म्हणलं तर चीजचं खातं सुरू होणार आणि मी परमनंट. जाताना मला कोल्ड रूमच्या दारात उभं करून म्हणाले, "कोंडिबा, रोज उलटं करायचं, मिठाच्या पाण्यानं पुसायचं. दुसरं काही लावायचं नाही. ही सात चाकं म्हणजे माझी नोकरी आहे." माझी पण होती, ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

साहेब जाऊन आठ दिवस झाले आणि कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर जळाला.

मोटर नांदेडला बांधायला पाठवली. किती दिवस लागतील, कोणी सांगेना. बाहेर ऊन असं की कॅनला हात लावला की चटका. दुसऱ्या दिवशी चाकांना घाम फुटला. घाम म्हणजे पाणी नाही, आतलं तूप बाहेर यायला लागलं. मी ओली बारदानं टाकली, बर्फाच्या लाद्या मागितल्या. बर्फ दुधाला पुरत नव्हता. तिसऱ्या दिवशी एक चाक मधोमध फुगलं. वास सगळ्या डेअरीत.

साहेबांच्या मागं कारभार सुपरिटेंडंटकडे होता. नाकाला रुमाल लावून तो आत आला. म्हणाला, "मी पंचनामा करायलोय. खराब माल. उकिरड्यात टाकून ये."

मी म्हणालो, साहेब येईपर्यंत थांबू.

"साहेब तुझे. हजेरी मी लावतोय."

मी शेणाच्या गाडीत सातही चाकं भरली. वर ओली बारदानं, त्याच्यावर शेण. गेटवर रहीमचाचा पहारेकरी होता. तोंड फिरवून म्हणाला, "क्या मर गया रे इसमें?" मी म्हणालो साहेबांचं चीज. म्हणाला, "जल्दी ले जा फिर." पास मागितला नाही. उकिरडा डाव्या हाताला होता. बैल सवयीनं डावीकडे वळायले. मी कासरा ओढून उजवीकडे घेतले. तेवढी एक गोष्ट मी नोकरीत हुकमाविरुद्ध केली. सरकारी माल, गेट पास नाही, कागदावर नष्ट झालेला. धरलं असतं तर चोरीच.

घरी गयानं बारदान उचललं आणि एका चाकावर हात ठेवला, लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. म्हणाली, "ताप आलाय ह्येला. आबांचं पेव रिकामं हाय."

पेव म्हणजे जमिनीतली ज्वारीची कोठी. दीड माणूस खोल खड्डा, वरून तोंड अरुंद, आत पोट मोठं. आमच्याकडे घरोघर असायची. दुष्काळात रिकामी झाली ती बऱ्याच जणांनी परत भरलीच नाहीत. वर कितीही ऊन असो, आत गारवा. पण पेवात एक धोका असतो. बंद पेवाची हवा विषारी होते. तोंड उघडून दिवसभर ठेवावं लागतं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. आमच्या वळखीची दोन माणसं अशी गेलेली होती.

आबा म्हणजे माझे सासरे. सासरवाडी दोन कोसांवर. आम्ही पेव उघडलं, दिवसभर थांबलो, कंदील सोडला. जळत राहिला. खाली कडबा अंथरला आणि सातही चाकं त्यावर मांडली. आता रोज उलटं कोण करणार? मला रोज हजेरीला जायचं होतं. गया म्हणाली, "मी ऱ्हाते हितंच. उन्हाळ्याचं माहेरपण समजा." तोंड बंद करायचं नाही आणि कंदील सोडल्याशिवाय उतरायचं नाही, असं मी तिला दहादा बजावलं. ती म्हणाली, "पेवाजवळ मी जन्मले. तुमी न्हाई."

महिनाभर असं चाललं. डेअरीत मी कॅन धुवायचो आणि डोळ्यासमोर पेव. सुपरिटेंडंट समोर आला की वाटायचं, ह्याला कळलं. तो काही म्हणाला नाही की वाटायचं, कळलंय म्हणून गप्प आहे. रात्रीचं जेवण जात नव्हतं. दर आइतवारी पायी सासरवाडीला जायचो.

दुसऱ्या आइतवारी गेलो, भर दुपारी. घरात कोणी नाही. परसात पेवाचं तोंड उघडं, दोरी खाली सोडलेली, आणि कंदील वरच, काठावर. विझलेला. मी वाकून हाक मारली. ओ नाही. परत मारली. खाली नुसता अंधार. मी कंदील-फिंदील काही बघितलं नाही, दोरी धरून उतरलो, हाताची सालं निघाली. गया कडब्यावर चाकांच्या शेजारी आडवी. मी दंड धरून गदागदा हलवलं.

ती डोळे चोळत उठली. म्हणाली, "काय झालं? डोळा लागला. वर जीव जायलाय उन्हानं."

"कंदील वर कामून हाय?"

"काम झाल्यावर वर ठिवून आले. तेल जळतंय फुकट."

मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आता आलाच हाव खाली, तर ती दोन उलटी करा."

उलटी करायला घेतली तेव्हा बघितलं. चाकं पिवळी धमक. बोटाला तेल लागलं. हिरवा बुरा आला होता म्हणून तिनं हळद करडईच्या तेलात कालवून सगळ्यांना चोळली होती.

"साहेबांनी दुसरं कायबी लावू नगं म्हणून सांगितलं व्हतं."

"साहेबाच्या घरी लोणच्याला बुरा आला तर काय करत्यात? इचारा त्यांला."

आता पुसून काढता येत नव्हतं. तेल मुरलं होतं. वाचवलेला माल आम्ही आपल्याच हातानं नासवला, असं माझं मन धरून बसलं.

जे चाक डेअरीत फुगलं होतं त्याला चीर गेली. ते काही टिकणार नव्हतं. गयानं विळीवर कापलं. सासरे, ती आणि मी ओसरीत बसलो. ज्वारीची भाकरी, कांदा आणि ते. मी घाबरत घाबरत तोंडात टाकलं, सरकारी माल खातोय म्हणून. आधी खारट. मग शेंगा. मग बेरी. तिनं सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं. हळदीचा वास फक्त सालीला. सासऱ्यांनी परत ताट पुढं केलं. मी दोन भाकरी खाल्ल्या. त्या महिन्यात पोटभर जेवलो तो एकच दिवस.

मिरगाच्या आधी साहेब आले, जीपमध्ये मोठे साहेब. सुपरिटेंडंटनं फाटकातच पंचनाम्याचा कागद हातात दिला. जोगळेकर साहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी हातात खराटा घेऊन उभा होतो, तसाच पुढं झालो.

"साहेब, टाकली न्हाईत. हायेत."

"कुठं?"

"सासरवाडीला."

मोठे साहेब हसले. सुपरिटेंडंट हसला नाही.

जीप पेवापर्यंत गेली. मोठे साहेब परसात बाजेवर बसले. गया डोक्यावर पदर घेऊन खाली उतरली आणि एकेक चाक वर देत गेली, मी घेत गेलो. सहा. जोगळेकर साहेबांनी पिवळा रंग बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मोठ्या साहेबांनी पिशवीतून बोरर काढला. धान्याच्या पोत्यात व्यापारी पोकळ सळई खुपसून दाणे बघतात, तसलंच ते असतं. चाकात खुपसलं, फिरवलं, काढलं. वास घेतला. तोंडात टाकलं. चघळत राहिले.

त्यांनी दुसऱ्या चाकातून घेतलं. मग तिसऱ्या. मग विचारलं, "हे वरून काय लावलंय? कोणी लावलं?"

गया पेवाच्या तोंडातून अर्धी वर आली होती. म्हणाली, "मी लावलं. बुरा आला व्हता."

मोठे साहेब म्हणाले, "बाई, ह्याच्यासोबत तुम्ही काय खाता?"

तिनं भाकरी आणून दिली. त्यांनी अर्धी भाकरी आणि चांगलं मूठभर चीज खाल्लं. जोगळेकर साहेब रुमालानं डोळे पुसत होते, उन्हामुळं म्हणाले.

महिन्यानं रिपोर्ट आला. माल उत्तम, पण परभणीची हवा चीजला योग्य नाही, योजना बंद करावी. मोठे साहेब एक अख्खं चाक जीपमध्ये घालून मुंबईला घेऊन गेले होते, ते रिपोर्टात नव्हतं. जोगळेकर साहेबांची बदली झाली. मला मेमो मिळाला, सरकारी माल विनापरवाना गेटाबाहेर नेल्याबद्दल. परमनंट मी पुढं झालो, पण कॅन धुण्यावरच.

ह्यातून शिकायचं काय तर सरकारी मालाला जीव लावू नये. लावलाच तर खाडा करू नये.

साहेब जाताना गयाला पुडीची बाटली देऊन गेले, आणि पुढं बरीच वर्षं टपालानं पाठवत राहिले. पेव बुजलं, तेव्हा आम्ही रांजण जमिनीत पुरला. दर हिवाळ्यात एक चाक. लहान. दोघांना पुरेल एवढं.

ती गेली त्या दुपारी मी ओसरीतून हाक मारली. ओ नाही. परत मारली. मला वाटलं, डोळा लागला असंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. मी उठून परसात गेलो. लेक मागं आला, म्हणाला, आबा, आज ऱ्हाऊ द्या. मी रांजणाचं झाकण काढलं आणि चाक वर घेतलं. वरच्या बाजूला तिच्या चार बोटांचे हळदीचे पट्टे होते, सुकलेले. मिठाच्या पाण्याचा फडका दोरीवर होता. पुसायला पाहिजे होतं. पुसलं नाही. नुसतं उलटं केलं आणि परत ठेवलं.