दांडीवरचा टॉवेल

आखातात, शर्क भागातल्या एका हॉटेलात मी हाउसकीपिंग सुपरवायझर होतो. दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या बाथरूममध्ये हिरवी कार्डं लागली: टॉवेल दांडीवर ठेवलात तर तो धुणार नाही, तेवढंच पाणी वाचेल. मला वाटलं, धुलाईचा खर्च वाचवायची ही मॅनेजमेंटची नवी शक्कल. माणूस हॉटेल निवडतो ते एसी, नाश्ता आणि पोहायचा तलाव बघून. कार्ड वाचून कोण येतंय?

एक आली. साठीची युरोपियन बाई. चौथ्या दिवशी तिने मॅनेजरच्या टेबलावर स्वच्छ, घडीचा टॉवेल आपटला. पहिल्या दिवशी तिने आपल्या टॉवेलच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा टाका घालून तो दांडीवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी टाका घातलेला टॉवेल गायब, जागी नवा! मग रोज तेच. टॉवेल स्वच्छ आहे म्हणून भांडणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी थक्कच झालो.

"समुद्राचं पाणी गोडं करायला तुम्ही तेल जाळता," ती म्हणाली. "माझ्या अंघोळीपायी ते जास्त जळू नये, म्हणून चार पैसे जास्त देऊन इथे उतरले. तुम्ही मला फसवलंत."

बाई मनापासून दुखावली होती.

मॅनेजरने त्या मजल्याच्या रूमबॉयला बोलावलं. नावाचा बॉय, वय पन्नाशीचं. मूळचा कुडाळकडचा, जलीबच्या कामगार वस्तीत एका खोलीत आठ जणांत राहणारा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. आमच्याकडे तीन वॉर्निंग लेटर झाली की व्हिसा रद्द, माणूस थेट गावी. त्याच्या नावावर एक होतं.

"टॉवेल का बदलत होतास?" मी दरडावलं.

"साहेबानू, मागच्या म्हयन्यात टॉवेल बदलूक नाय म्हणान तुमीच माका पत्र दिल्यात. मगे मी काय करूचा?"

खरंच होतं. टॉवेल बदलला नाही अशी एका पाहुण्याने तक्रार केली आणि टॉवेल दांडीवर होता की खाली, हेही न विचारता मी वॉर्निंग लेटरवर सही ठोकली होती.

"काय म्हणतोय?" मॅनेजरने विचारलं.

"चूक झाली म्हणतोय."

हे मीच बोललो, यावर माझा विश्वास बसेना. बाईने त्याच्याकडे बघून मान हलवली आणि ती निघून गेली.

दुसरं पत्र मीच टाइप केलं. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "साहेबानू, आता टॉवेल बदलूचो काय नाय?"